माझ्या मशीनवर चालतंय

३ मार्च, सोमवार

वहिनीला नोकरीला लागून आज पाच महिने झाले. सहावा संपला की तिला कायम करायचं की नाही ते ठरणार, आणि तो अहवाल लिहायचा आहे मला. माझ्याच टीममध्ये माझीच भावजय! साहेबांना मी तेव्हाच म्हटलं होतं, हिला दुसऱ्या कुणाच्या हाताखाली द्या. ते म्हणाले, "तुमच्याइतकं कडक इथे आहे कोण? तुमच्याकडून पास झाली की कुणी बोट दाखवणार नाही." झालं, मी फुगले.

ऑफिसात ती मला मॅडम म्हणते आणि मी तिला अहो-जाहो करते. घरी मी तिची वन्सं. पहिल्या आठवड्यात चुकून सगळ्यांसमोर "वन्सं, जरा इकडे ये ना," म्हणाली. अख्खी रांग हसली. मी नाही हसले.

नऊ वर्षं चांगलं काम केलेली बाई आहे. मग आईला अर्धांगवायू झाला आणि वहिनीने "काही दिवसांसाठी" नोकरी सोडली. ते काही दिवस अकरा वर्षं चालले. दादाची नोकरी फिरतीची, आणि माझी तर अशी की मला जागचं हलता येत नव्हतं. गेल्या वर्षी आई गेली. दादा म्हणतो, सहा महिने करून बघ, नाही जमलं तर नाद सोड. म्हणजे ही एकच संधी. वहिनीही तेच म्हणाली, "या वेळी हुकलं तर पुन्हा कोण विचारणार गं मला."

मनापासून वाटतं तिचं व्हावं. पण माझ्या शिफारशीवर झालं असं कुणी म्हणता कामा नये.

६ मार्च, गुरुवार

वहिनीचं पहिलं मोठं काम आज आत गेलं. आमचं सॉफ्टवेअर पॅथॉलॉजी लॅबचं. रक्ताच्या तपासणीचा जो रिपोर्ट छापला जातो, त्यात तिने बदल केलाय: आजच्या आकड्याशेजारी मागच्या तीन वेळचे आकडे, जे बिघडलंय ते सगळ्यात वर, आणि अक्षर मोठं. साहेबांनी विचारलं, हे सुचलं कसं? म्हणाली, "रिपोर्ट डॉक्टर वाचतात असं आपण धरून चालतो. आधी तो घरातली बाई वाचते, लॅबच्या दारात उभी राहून. आणि मागचे कागद तिच्याकडे नसतात, घरी राहिलेले असतात."

कल्पना झकास आहे. मी तसं बोलले नाही. कशाला उगाच.

७ मार्च, शुक्रवार

बिल्ड लाल. झोपले होते की काय सर्व्हरवाले, म्हणून खाली फोन केला. त्यांचं म्हणणं, सर्व्हरला काही झालेलं नाही, तुमच्याच कोडमध्ये बघा.

९ मार्च, रविवार

दादाकडे जेवायला गेले होते. वहिनीचं लक्ष ताटात नव्हतं. दादाने विचारलं, "हा बिल्ड बिल्ड काय प्रकार आहे? दोघींच्या तोंडी तेच." वहिनीने छान सांगितलं: आम्ही आठ जण आपापल्या मशीनवर आपापला भाग लिहितो, रोज संध्याकाळी एक सर्व्हर ते सगळे भाग गोळा करून त्यांचं एक सॉफ्टवेअर बांधतो. बांधून झालं तर पडद्यावर हिरवं, कुठे अडलं तर लाल. "आणि लाल झालं की ज्याचा बदल शेवटचा, त्याच्याकडे सगळे बघतात."

दादा म्हणाला, "म्हणजे तुझ्याकडे." ती हसली, पण कानापर्यंत लाल झाली होती.

११ मार्च, मंगळवार

आज मी स्वतः बसले. वहिनीचा बदल काढला: हिरवा. घातला: लाल. परत काढला, हिरवा. परत घातला, लाल. याहून मोठा पुरावा कुठला हवा? शिवाय तिचा बदल माझ्या मशीनवर व्यवस्थित बांधला जातो, तिच्या मशीनवर नाही. म्हणजे तिच्याच सेटिंगमध्ये घोळ आहे आणि तोच घोळ तिने वर पाठवलाय.

तिच्या टेबलाशी जाऊन सांगितलं, "माझ्या मशीनवर चालतंय. तुमचं सगळं पुसून पुन्हा टाका."

ती उभी राहिली. "मॅडम, एक शंका होती. सर्व्हर रोज सगळंच नव्याने बांधत नाही. ज्याला कुणी हात लावला नाही, ते भाग जुन्या साठ्यातून तयार उचलतो. आपल्या मशीनही तिथूनच उचलतात. रिपोर्टच्या भागाला कित्येक दिवसांत कुणी हात लावला नव्हता. माझा बदल काढून, तो साठा रिकामा करून एकदा बांधून बघू या का? तरीही लाल आला तर..."

साठा रिकामा करायचा म्हणजे सहा तास बिल्ड बंद, आठ माणसं हातावर हात ठेवून. आणि अठ्ठावीसला डिलिव्हरी. मी म्हटलं, "आधी स्वतःची मशीन तपासा."

आवाज जरा चढला माझा. पण बरोबरच होतं.

१४ मार्च, शुक्रवार

तिने मशीन पुसून सगळं नव्याने टाकलं. दोन दिवस गेले त्यात. तरी लाल. आता म्हणते, "तुमची सेटिंगची फाइल एकदा बघू का मॅडम? फक्त तुमच्याकडेच का चालतं ते कळेल." माझं डोकंच फिरलं. "बिघडलंय तुमचं आणि तपासायचं माझं?" रांगेतल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. वहिनी "बरं," म्हणून जागेवर जाऊन बसली.

चोवीस वर्षं या धंद्यात घालवलीत मी. हा बिल्ड माझ्या हातांनी उभा केलाय.

१८ मार्च, मंगळवार

वहिनीचा भलामोठा मेल आला, बिल्डबद्दलच. पहिल्या दोन ओळी वाचल्या. आज चार मीटिंगा होत्या. डिलिव्हरी झाली की सावकाश वाचीन.

२० मार्च, गुरुवार

साहेबांनी बैठक घेतली. आम्ही सहा जण आणि वहिनी. विचारलं, बिल्ड दोन आठवडे का रखडतोय? सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता नातेवाईक म्हणून गुळमुळीत बोलले असते तर? मी सरळ सांगितलं. "रिपोर्टचा बदल नीट तपासून दिलेला नाही. अकरा वर्षांची गॅप कुठेतरी दिसतेच."

वहिनी वहीत काहीतरी लिहीत होती, ती लिहीतच राहिली. ठरलं की तिचा बदल काढून टाकायचा आणि तसंच पाठवायचं.

बाहेर पडताना मला हलकं वाटलं. आता कुणाची हिंमत नाही म्हणायची की मी घरच्या माणसाला सांभाळून घेतलं.

संध्याकाळी जिन्यात वहिनी पुढे उतरत होती. मी हाक मारणार होते, पण म्हणायचं काय ते ठरेना.

२८ मार्च, शुक्रवार

डिलिव्हरी झाली. हिरवा बिल्ड, वेळेच्या चार तास आधी. टाळ्या वाजल्या. वहिनीनेही वाजवल्या.

३१ मार्च, सोमवार

अहवाल लिहिला. तीनदा लिहिला. पहिल्यात "आणखी तीन महिने मुदत द्यावी" असं होतं. दुसरं कुणी असतं तर बहुधा तेच पाठवलं असतं. मग वाटलं, लोक म्हणतील, बघा, वहिनी म्हणून मुदतवाढ. खोडलं. शेवटचा असा गेला: "मेहनती आहेत. परंतु कायम करण्याची शिफारस करता येत नाही."

पाठवला आणि डब्याऐवजी दुपारी खाते ती बिस्किटं काढली. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

३ एप्रिल, गुरुवार

वहिनीचा शेवटचा दिवस. तिने टेबल पुसलं, कीबोर्ड उलटा करून झटकला, कार्ड परत केलं. लिफ्टपाशी मी गाठलं तिला. "वहिनी, माझा नाइलाज होता गं."

ती म्हणाली, "अगं असू दे. निदान तुझी दुपारची बिस्किटं तरी पकडली मी! डबा आणत जा जरा, वन्सं. वाळून काठी झालीयस."

एवढं सगळं होऊन तिने थट्टाच केली. मला बरं वाटलं, म्हणजे तिने मनाला लावून घेतलं नाही.

१३ एप्रिल, रविवार

दादाचा फोन. मावशी न्हाणीघरात पडली, मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालंय, पण आता चार-सहा महिने तरी अंथरुणातच, पुढचं पुढे. तिला मूलबाळ नाही, आईची धाकटी बहीण, म्हणजे आमचीच जबाबदारी. दादा म्हणाला, "ही घरी आहेच आता, तर मावशीला इकडेच आणतो. बावीसला सोडणार आहेत."

मी म्हटलं, छान होईल. वहिनीला सवयही आहे. खरं सांगायचं तर मावशीचं काय करायचं हा घोर मलाही होता, तो मिटला.

२४ एप्रिल, गुरुवार

आज काय झालं ते जसंच्या तसं लिहायचंय.

सगळ्यांना नवीन मशीन आल्या. मी सकाळी सगळं नव्याने टाकलं. वहिनीचा बदल मी एका बाजूला जपून ठेवला होता, पुढच्या डिलिव्हरीत घालावा म्हणून. तो घेऊन बिल्ड लावला आणि चहा आणायला गेले. येऊन बघते तो लाल. तीच चूक, तीच ओळ, जी दोन आठवडे वहिनीच्या पडद्यावर होती.

आधी मला हसूच आलं. मग सर्व्हरवाल्याला चार शब्द सुनावले. तो बिचारा वर येऊन बघून गेला. दोन वाजेपर्यंत माझा सगळ्या जगाला दोष देऊन झाला होता आणि दोष द्यायला कुणी उरलं नाही, तेव्हा जुनी मशीन उघडली. सेटिंगची फाइल काढली. तिथे खाली एक ओळ होती: छपाईचा भाग नेहमीच्या जागेवरून घेऊ नकोस, आधी या फोल्डरमधून घे. आणि तिच्यावर माझीच टीप, "तात्पुरतं. पुढच्या आठवड्यात काढणे." तारीख तीन वर्षांपूर्वीची.

आठवलं सगळं. छपाईचा जो विकतचा भाग आम्ही वापरतो, त्यात तेव्हा एक दोष होता. मी तो माझ्या हाताने दुरुस्त केला. दुरुस्त प्रत माझ्या मशीनवर ठेवली, जुन्या सर्व्हरवर ठेवली, दोन्हीकडे ही ओळ घातली आणि कुणाला बोलले नाही, कारण पुढच्या आठवड्यात काढणारच होते. जानेवारीत जुना सर्व्हर गेला, नवा आला. त्यावर ना माझी प्रत, ना माझी ओळ. फक्त बांधून ठेवलेल्या भागांचा साठा तसाच उचलून आणला होता, म्हणून सगळं हिरवं दिसत होतं. रिपोर्टच्या भागाला पहिला जो कुणी हात लावेल, त्याच्या नावावर लाल येणार होता. तो हात वहिनीचा होता.

मग ती म्हणाली होती ते केलं. तिचा बदल बाजूला काढला, साठा रिकामा केला, बिल्ड लावला. लाल. तिचा एक शब्द त्यात नव्हता आणि तरीही लाल. सहा तास लागले नाहीत. एक तास दहा मिनिटं लागली.

मग तिचा मेल उघडला. पाच आठवडे न वाचता पडला होता. कुठला भाग, कुठली आवृत्ती, काय तपासलं, काय राहिलं, सगळं शिस्तीत. एका ठिकाणी लिहिलंय, "तुमच्या मशीनवर दुरुस्त केलेली एखादी जुनी प्रत असावी असा माझा अंदाज आहे. चुकत असेन तर माफ करा." आणि शेवटी, "घाई नाही मॅडम. फक्त माझा अहवाल लिहायच्या आधी जमलं तर बघा."

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. पंचेचाळिसाव्या वर्षी, ऑफिसात.

घरी येऊन तीन वर्षांपूर्वीची डायरी काढली. त्या टिपेच्या तारखेचं पान असं आहे: "आईला पुन्हा हॉस्पिटलमध्ये हलवलं. वहिनी आहे तिथे, त्यामुळे काळजी नाही. मी शनिवारी जाईन. शेवटी बिल्ड पास केला! साहेब खूश." पुढच्या शनिवारच्या पानावर हॉस्पिटलचं नावही नाही.

लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "होतं हो माणसाकडून. आपल्यातच राहू द्या." मी म्हटलं, तेव्हा सगळ्यांसमोर बोलले होते, आताही सगळ्यांसमोरच बोलणार. त्याच खोलीत, त्याच माणसांना बसवून सांगितलं की चूक माझ्या मशीनवर होती, वहिनीचं काम चोख होतं आणि गॅपबद्दल बोलले ते अत्यंत वाईट बोलले.

सर्व्हरवाला म्हणाला, "आम्हाला वाटलंच होतं मॅडम, तुमच्या मशीनवर काहीतरी आहे."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्हाला? कोण सांगणार?"

हे ऐकून घेतलं. दुरुस्त प्रत सगळ्यांसाठी नीट जागेवर ठेवली, ती ओळ काढली, वहिनीचा बदल घातला. हिरवा. साहेबांनी अहवाल मागे घ्यायला मला कागद दिला. जागा अजून रिकामी आहे, एकदम कायम म्हणून घेऊ, पण पाच तारखेपर्यंत हजर व्हायला हवं, असं म्हणाले.

उद्या जाते. पाय धरायला लागले तरी धरीन.

२६ एप्रिल, शनिवार

दार दादाने उघडलं. वहिनी आईच्या खोलीत होती. आता मावशीच्या. मावशीला कुशीवर वळवून पाठीला पावडर लावत होती. मी दारात उभी राहून सगळं सांगितलं, मध्ये थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. वहिनी ऐकत होती, हात चालूच.

"मला माहीत होतं गं," ती म्हणाली. "दुसऱ्याच आठवड्यात लक्षात आलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले ना. तीनदा बोलले."

मी खाली बसले. तिने मावशीच्या मानेखाली उशी सरकवली आणि माझ्या शेजारी येऊन टेकली. मी साहेबांचं सांगितलं. कायम, तीच जागा, पाच तारीख. तिचा चेहरा एकदम उजळला. इतक्या वर्षांत तो तसा बघितला नव्हता मी. "रिपोर्ट घातलास माझा? चालतो? सगळ्यांच्या मशीनवर?" तीन प्रश्न एका दमात.

दादा दारातून म्हणाला, "अगं पण आता कसं जमेल? मावशीला उठवायला-बसवायला कुणीतरी लागतंच. मंगळवारीच आणलंय तिला. मी महिन्यातले वीस दिवस बाहेर."

मी म्हटलं, "बाई ठेवू या ना."

"आईच्या वेळी सात ठेवल्या होत्या," वहिनी म्हणाली. "सहावी आठवते? आईच्या आधी तीच झोपायची." आम्ही दोघी हसलो. मावशीही हसली, तिला काही कळलं नसावं. मग वहिनीने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, अगदी सरळ. "तूच सांग वन्सं, काय करू या?"

ती माझ्याकडे बघत थांबली, चांगली थांबली.

मी म्हटलं, "बघू. काहीतरी मार्ग निघेल."

"हो, बघू," ती म्हणाली आणि मावशीचं सूप आणायला उठली.

घरी आले. माझी दुसरी खोली उघडून बघितली. पलंग आहे, लागून बाथरूम आहे, दार रुंद आहे, ऑफिस आठवड्यातले तीन दिवस घरून करता येतं, आणि चोवीस वर्षांत मी कधी मोठी रजा घेतलेली नाही. "मावशीला मी माझ्याकडे नेते," एवढंच वाक्य होतं. ते मला घरी आल्यावर सुचलं, असं मी इथे लिहिलं होतं. आता ते खोडलंय. वहिनीने विचारलं तेव्हाच सुचलं होतं.